वेबसाइटवर राहिलेला तुझा हात

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्याने असहकार पुकारल्यामुळे यंदाचा खुर्चीत बसूनच, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? वहिनीच्या डोळ्याचं काम उरकलं का? लेकीकडे तुझं मन रमलंय का हे विचारत नाही, कारण नसलं रमलं तरी तू कळू देणार नाहीस. इकडे सगळं ठीक. दुकानही ठीक. तुझ्या स्टुलावर हल्ली गिऱ्हाइकं पिशव्या ठेवतात आणि मला उगाच राग येतो.

पत्रास कारण की, आपली वेबसाइट झाली. दचकू नकोस. समोरच्या दातांच्या डॉक्टरने स्वतःची केली, तेव्हापासून हिने टुमणं लावलं होतं की किल्ली हरवलेला माणूस आता रस्त्यात कोणाला विचारत नाही, फोनमध्ये शोधतो. शेवटी डॉक्टरच्याच वेबसाइटवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, येणाऱ्याला आत शिरणं सोपं वाटलं पाहिजे. आता तूच सांग, आपण दोघांनी जन्मभर आत शिरणं अवघड करण्याचंच खाल्लं की नाही? तरी मान डोलावली. बाईंनी कागदावर चौकोन काढले: वर माझं नाव, मग फोटो, मग कामं आणि पार तळाशी पत्ता नि फोन. मी म्हटलं, टॉवेल गुंडाळून स्वतःच्या दाराबाहेर अडकलेला माणूस माझं चरित्र वाचत बसणार आहे का? फोन वर घ्या. बाईंना ते पटलं. त्यानंतर माझं काहीच पटलं नाही. (पितळी रंगाची अक्षरं मीच सुचवली होती. पांढऱ्यावर ती दिसेनात, मग बाईंनी मुकाट्याने काळी केली.)

पासवर्ड मात्र मी स्वतः ठरवला, आणि असा भक्कम ठरवला की दुसऱ्याच दिवशी मलाच आठवेना. गावची कुलुपं उघडणारा स्वतःच्या वेबसाइटबाहेर उभा. ही इतकी हसली की दूध उतू गेलं. बाईंनी ‘पासवर्ड विसरलात?’ असं लिहिलेल्या जागी बोट टेकवलं, फोनवर कसलासा आकडा आला, की झालं दार मोकळं. तू असतास तर तासभर त्यावर बडबडला असतास.

मग ‘माझ्याविषयी’ नावाचं पान आलं आणि त्याला फोटो हवा झाला. माझा एकच बरा फोटो आहे, दुकानाची नवी पाटी लावली त्या दिवशीचा, आपला दोघांचा. बाईंनी तुला कापलं. (वाईट वाटून घेऊ नकोस, पान माझ्याविषयी होतं.) पण तुझा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला, तिजोरीच्या दारात सापडून वाकडा झालेल्या अंगठ्यासकट. बाई म्हणाल्या, तोही पुसता येतो. मी म्हटलं, पुसा. त्यांनी पुसला, खांदा लख्ख झाला. पण दादा, तू त्या दिवशी सगळा भार माझ्यावर टाकून उभा होतास ना, त्यामुळे मी फोटोत एका बाजूला कललोय. हात होता तोवर ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. हात गेल्यावर मी विनाकारण वाकडा उभा राहिलेला माणूस दिसायला लागलो. मला ते बघवेना. बाईंना म्हटलं, परत लावा.

तर आता वेबसाइटवर मी आहे आणि तुझा हात आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हा कोणाचा? मी सांगतो, दादाचा. लेकीकडे गेलाय, येईल.

वहिनीला नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. वेबसाइटचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. लेकीला उघडून द्यायला सांग.

आणखी ता. क. गिऱ्हाईक तसंही विचारत विचारत येतच होतं. तू फोनवर ‘दुकान कसंय’ म्हणतोस, मी ‘ठीक’ म्हणतो आणि आपलं बोलणं संपतं. तुला रोज दुकान बघता यावं म्हणून केली वेबसाइट. हिला सांगू नकोस.

शेवटचा ता. क. बाई म्हणतात फोटो जुना झालाय, नवा काढा. मला एकट्याला नीट उभं राहता येत नाही. तेव्हा ये. महिनाभर म्हणून लेकीकडे गेलास नि तिथलाच झालास ना, तसाच महिनाभर म्हणून इकडे ये.