खांद्याला लागलेली गोळी

चोपडा, रविवार, २१ ऑगस्ट १९८८

थोरल्या भावाला शेजारच्या नानांकडे टीव्हीवर सिनेमा पाहायला नेलं, हीच माझी चूक. नायकाच्या खांद्यात गोळी घुसली. त्याने दातांनी ओढून रुमाल बांधला आणि त्याच हाताने दहा जणांना लोळवलं. नाना हसत भाऊला म्हणाले, "तुले बी खांदामाच लागेल व्हतं ना? हाऊ देख, कसा मारामारी करी ऱ्हायना!"

सगळे हसले. भाऊही हसला.

मी भडकले. म्हटलं, "नाना, केळीच्या बागेत रानडुक्कर समजून कुणी भाऊसारखी तुमच्यावर ठासणीची बंदूक झाडली असती, म्हणजे कळलं असतं! साडी फाडून मी त्याच्या जखमेवर दाबून धरली होती, तरी जळगावला पोचेपर्यंत रक्त थांबलं नाही. रुमाल कसला बांधताय?"

वडीलधाऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं का? पण तीन वर्षं झाली, भाऊचा उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही. त्याचा सदरा रोज मी घालून देते. आणि म्हणे रुमाल! हे सिनेमे काढणाऱ्यांनी खरी जखम कधी पाहिली तरी आहे का?

भाऊला उठवून बाहेर आणलं. वाटलं, आता माझ्यावर रागावेल. घराच्या फाटकाशी तो हळूच म्हणाला, "गोळी लागनी तवय मी रडनू व्हतू. माले वाटे, लोक गोळी खाईसन लढतस, मीच भित्रा शे."

तीन वर्षं आम्ही त्याला फक्त, हात दुखतो का, एवढंच विचारत आलो.