गंजाची बाजू

मंगळवार, ३ जून. स्टावांगर
वाकला, पण टिकला! समुद्रतळावरच्या जुन्या गॅसवाहिनीचा गंजलेला तुकडा आज प्रयोगशाळेत मधोमध उचलून, टोकं खाली ओढून वाकवून पाहिला. गंजून पातळ झालाय, तरी ताकद पुष्कळ उरलीय. जहाजाने नळ मधोमध धरून उचलायला हरकत नाही – किती भार पेलेल तो आकडा लिहून सही केली.
संध्याकाळी जहाजावरून स्यूरचा फोन. "ताई, सही तुझी ना? मग मी नळाखालीच डुलकी काढतो!" धाकटा भाऊ, सगळं चेष्टेवारी.

गुरुवार, ५ जून
सहज म्हणून दुसरा तुकडा उलटा ठेवला, गंज खालच्या अंगाला. निम्माही भार घातला नव्हता आणि त्याचं पोट आत गेलं. चिरडलाच!
समुद्रात गंज खालच्याच अंगाला आहे. नळ मधोमध उचलला की वरची बाजू ताणली जाते, खालची दबते. मी गंज ताणून पाहिला. दाबून पाहिलाच नाही. कसा नाही पाहिला?
तोर्मोदकडे गेले. आमचा प्रमुख, आज भलताच खुशीत. "वारा पडला एकदाचा! उद्या उचलतायत. काय गं गुन्वोर, काही अडलंय?"
"नाही."
आधी आकडे पुन्हा तपासू, मग सांगू – अशी मनाची समजूत घातली. खोटं. लाज वाटत होती, बस्स.
स्यूरलाही फोन केला नाही.

शुक्रवार, ६ जून
आकडे तेच. सकाळी धावत तोर्मोदची खोली गाठली, तर तोच हसत बाहेर – उचलला! पहाटेच! टिकला!
ऑफिसात वॅफल भाजले. पहिला मला, वर जॅम. तसाच ठेवून दिला.
मग स्यूरचा फोन: "अगदी हाताशी होता नळ, ताई. कुरकुरला पण नाही. ...रडतेस की काय?"
सर्दी झालीय म्हटलं.

शनिवार
समुद्र शांत होता म्हणून टिकला. भाऊ तिथे उभा, आणि मी इथे माझी अब्रू सांभाळत बसलेली.

मंगळवार, १० जून
बैठक. जहाजावरची माणसंही आलेली, स्यूर समोरच. उरलेल्या सगळ्या वाहिन्या माझ्याच आकड्यावर उचलायचं ठरत होतं. तोर्मोद म्हणाला, "गुन्वोरसाठी टाळ्या!"
टाळ्या चालू असतानाच उभी राहिले. "तो आकडा चुकीचा आहे. आणि मला ते गुरुवारीच कळलं होतं."
स्यूरच्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.