पांढरी शेवंती, पिवळे डोळे

११ डिसेंबर, बोईसर
ताईच्या डोहाळजेवणाचे फोटो संपवले एकदाचे. सातवा महिना, हिरवी साडी, एडवणचा किनारा. सूर्य ऐन वेळी ढगात गेला होता, म्हणून सगळं ऊन मीच कॉम्प्युटरवर ओतलं. टेंप. म्हणजे रंगातला पिवळेपणा वाढवला, सावल्यांत केशरी, गालांवर उजेड. डोळे फारच पिवळे दिसायला लागले. ऊन जास्त झालं म्हणून नेहमीसारखं डोळ्यांतलं पिवळं शून्यावर आणलं आणि तेच बाकीच्या त्र्याऐंशी फोटोंवर चिकटवलं. स्टुडिओचे शेठ खूश. "तुझी ताई सोन्याची दिसते."

१२ डिसें.
ताईचा फोन. सासूबाईंनी फोटो अख्ख्या आळीला दाखवले म्हणे. मग हळूच, "अंगाला खाज सुटते गं. मासळीचा वास आला की मळमळतं." जिच्या अंगणात वर्षाचे आठ महिने बोंबील वाळतात, तिला! म्हटलं, सातव्यात कसली मळमळ? हसली नुसती. मला हसू आलं नाही.

१३ डिसें.
राहवेना. कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडली, हात न लावलेली. गळ्यात शेवंतीचा हार. शेवंती पांढरी. दात पांढरे. डोळे पिवळे.
टेंप. खाली खेचलं. शेवंती निळी पडली, डोळे पिवळेच.
ऊन नव्हतंच ते. आणि मी मूर्खासारखी पुसत बसले. शूटला आज सहा दिवस.

१४ डिसें., एडवण
सकाळी पहिल्या एसटीने आले. सासूबाईंनी मलाच वेड्यात काढलं. "कावीळ? काय बोलतेस! ह्यो फोटू बघ. डोले कसे पांढरे हायत. कायपण नाय झालेलं तिला." मोबाइलवर मीच रंगवलेला फोटो.
"मावशी, ते मी पांढरे केलेत."
"तू? कशाला?"
म्हटलं, सगळ्यांचेच करते, म्हणून.
ताईला ओट्यावर उजेडात आणलं, पापणी खाली ओढली. भावजी वाकून बघत होते. उठले, सदरा बदलून आले. सासूबाई, "मंग पाम गावाला नेऊ. तिथं एक जण मंत्रानं कावीळ उतरवून देतो." भावजी ओरडले, "आये, पोटात पोर हाय तिच्या! पालघरला चाललो आमी." त्यांचा आवाज चढलेला मी आज पहिल्यांदा ऐकला.

१५ डिसें., पालघर
ताईला हॉस्पिटलात ठेवून घेतलंय. डॉक्टरीणबाई फाइलमध्ये लिहिता लिहिता म्हणाल्या, "चार-पाच दिवस आधी आणायला काय झालं होतं?" भावजी खिडकीबाहेर बघत राहिले. एक शिवी तरी द्यायची होती त्यांनी मला.
बाळाचे ठोके ठीक आहेत. आज ठीक आहेत, असं म्हणाल्या.

१७ डिसें.
ताई म्हणाली, "आरशात मला कळत नाही. तू रोज फोटो काढ. पण काही करू नकोस त्याला."
म्हणून रोज सकाळी नऊ वाजता, वॉर्डच्या एकाच खिडकीत, गालाशी पांढरा रुमाल धरून. रुमाल पांढरा दिसला की डोळ्यांचा रंग खरा. पहिला फोटो काढला. दोनदा हलला, तिसऱ्यांदा नीट आला.
आई फोनवर सारखं विचारते, बरं आहे ना? हो म्हणते. देवा, हो असू दे.

१८ डिसें.
रक्ताचा नवा रिपोर्ट संध्याकाळी येणार.
नऊचा फोटो काढला. कालचा आणि आजचा शेजारी लावले. रुमाल दोन्हीत सारखाच पांढरा, डोळे आज जास्त पिवळे. तीनदा बघितलं. बाहेर जाऊन पाणी पिऊन आले, परत बघितलं.
ताईने विचारलं, "कमी झालं का गं?"
म्हटलं, आज इथला उजेड बरोबर नाही.
"उजेड तुला कळतो. मला फसवू नकोस."
तिने पोटावरचा हात काढून पुढे केला. मी मोबाइल तिच्या हातात दिला.