चहाच्या सुट्टीतलं वाक्य

हमरापूर, ता. पेण
२१ एप्रिल २०२५

चि. ऋतूस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, तूही वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

पाकीट बघून हसली असशील. म्हणशील, घरात दोन-दोन फोन असताना ताईला ही पोस्टाची हौस कुठून आली? अगं, आमच्या गणपतीच्या कारखान्यात सगळ्यांचे हात दिवसभर रंगात. फोन खिडकीत ठेवलेला असतो आणि वाजला की कुणीतरी कोपराने स्पीकर चालू करतं. परवाचं तुझं बोलणं सासऱ्यांनी, सासूबाईंनी, पॉलिशपेपर मारणाऱ्या दोघी बायकांनी आणि चहा घेऊन आलेल्या केरूने, एवढ्यांनी ऐकलं. तू "ताई, तू बारीक झालीस का गं" असं विचारलंस, त्याचं उत्तरही मी द्यायच्या आधी केरूनेच दिलं. तेव्हा उत्तर पाठवशील तर पत्रच पाठव. पोस्टमन कारखान्यात येतो, पण सासूबाईंना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही आणि ह्यांना दुसऱ्याचं पाकीट फोडायची सवय नाही.

तुझ्या थिएटरात कारागिरांवरच्या त्या मालिकेचा प्रीव्ह्यू आहे आणि पहिलाच भाग आमच्या कारखान्याचा, हे कळल्यापासून घरात लगीनघाई आहे. टीव्हीवर येण्याआधी मोठ्या पडद्यावर, तेही मुंबईत! सासऱ्यांनी जिते गावापासून पेणपर्यंत एकही ओळखीचा माणूस सोडला नाही. "आमची सून फिल्लममधी हाय," असं सांगतात आणि मग हळूच, "मी पन हाय दोन येळा." सासूबाईंनी जरीची साडी उन्हात टाकली. तिच्यावर शेजारच्या कोंबड्याने नाचून घेतलं, ते एक रामायण झालं.

तू नोकरीला लागलीस तेव्हा आम्हाला तिथं नेलं होतंस, आठवतं? कुठल्यातरी परदेशी सिनेमाचा प्रीव्ह्यू होता. ह्यांनी दिवे गेल्याबरोबर घोरायला सुरुवात केली आणि सासऱ्यांनी तुला मोठ्याने विचारलं की शेंगदाणे कुठं मिळतात. मला खालची अक्षरं वाचायला जमेनात. पण ती लाल खुर्ची मला फार आवडली होती. आपल्या रोह्याच्या थिएटरात माणसं सारखी ये-जा करायची, पोरं रडायची. तुझ्याकडे दार लावलं की कुणी उठत नाही. मला त्या दोन तासांत कुणी "जरा ऊठ, चहा ठेव" म्हटलं नाही. बाहेर आल्यावर तू विचारलंस, सिनेमा कळला का? मी हो म्हटलं होतं. कळला नव्हता गं.

एक काम आहे. काम म्हणजे तसं काही नाही. प्रीव्ह्यूच्या आधी फिल्म तुमच्याकडे तपासायला येते असं म्हणाली होतीस. आली की आमचा भाग जरा बघशील? शूटिंगच्या दिवशी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी झाल्यावर चहाची सुट्टी झाली होती, त्यातलं काही ठेवलंय का एवढंच बघ. मी काहीतरी बोलले होते. विशेष काही नाही, पण पूजा येणार आहे, म्हणून विचारते.

पोरीची दहावी झाली. निकालाची वाट बघतोय. आईला भेटायला रोह्याला गेलीस तर माझ्याकडून नमस्कार सांग, मला या महिन्यात जमायचं नाही. मॉरिशसला जायच्या मूर्ती मेअखेर बोटीवर चढायच्या आहेत.

तुझी,
ताई


हमरापूर
५ मे २०२५

चि. ऋतू,

आशीर्वाद. पत्र मिळालं. ह्यांनी आणून हातात दिलं आणि वर म्हणाले, "बहिणी-बहिणींचं काय चाललंय कुणास ठाऊक." हसले आणि गेले. बघ, असे आहेत. वाईट वागतात असं सांगायला मला जागाच नाही, आणि त्याचाच मला कधीकधी राग येतो.

तर ते वाक्य आहे म्हणतेस. सगळं, पहिल्या शब्दापासून. आणि तू तीनदा बघितलंस आणि रडलीस म्हणतेस. आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा कसं झालं ते सांगते.

आमच्या घरात एक रीत आहे. मूर्तीचा एक डोळा उघडला की दुसरा उघडेपर्यंत आखणाऱ्याने जागचं हलायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, घरातल्या कुणी त्याच्याशी बोलायचंही नाही. देवाला अर्धवट बघायला लावू नये म्हणतात. मला ती रीत फार सोयीची पडली आहे. कुणी नको ते विचारलं की मी ब्रश उचलते आणि एक डोळा उघडते. सासूबाई मग गप्प बसतात, त्यांना बसावंच लागतं. इतकी वर्षं मी अशीच निभावून नेली.

शूटिंगच्या दिवशी मात्र माझीच रीत माझ्यावर उलटली. रोज मी गाऊनवर काम करते, त्या दिवशी सासूबाईंनी इरकल नेसायला लावली. पदराखाली चिमट्याने माईक. मी एक डोळा उघडला आणि त्यांचे ते दिग्दर्शक, सुशील, म्हणाले, "ताई, थांबा, लेन्स बदलतो." आता थांबा म्हणजे काय? मी ब्रश धरून तशीच बसले. हलता येईना, बोलता येईना. समोर गणपती एका डोळ्याने माझ्याकडे बघतोय आणि ती माणसं पेट्या उघडतायत, वायरी ओढतायत. मला वाटलं, माझा सगळा जन्म हाच आहे. असाच, कुणीतरी थांबा म्हटलं म्हणून थांबलेला. मग त्यांची लेन्स बसली, मी दुसरा डोळा उघडला, कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला आणि चहा आला. दिवा विझला म्हणजे ऐकणंही बंद झालं असं मी समजले. माईक तसाच चालू होता हे मला काय ठाऊक?

माईकवाली मुलगी, प्रतीक्षा, जवळ बसली होती. तिने सहज विचारलं, "ताई, मूर्ती गेल्या की वाईट वाटतं का हो?" आणि माझं तोंड उघडलं. म्हटलं, "वाईट नाय गो वाटत, हेवा वाटतो. डोळे मी उघडायचे आणि जग बघायला ह्या मूर्तींनी जायचं. मला नाय इथं राहायचं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून नाय राहायचं. दार उघडं मिळालं तर मी मागं वळून पन नाय बघनार."

लिहिलं एकदाचं. 

तुला ठाऊक आहे मला इथं कसं आणलं. बघायला आले तेव्हा सासूबाईंनी मला ना नाव विचारलं ना शिक्षण. अंगणात रांगोळी काढायला सांगितली आणि मी काढत असताना माझ्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, घराला आखणीचा हात हवा होता. त्यांनी मला नाही, माझा हात पसंत केला. एका कारखान्याच्या मूर्तींची नजर एकाच हाताची असते, व्यापारी ती ओळखून माल उचलतात. म्हणून मला माहेरी दोन दिवस राहायला मिळत नाही. आई आजारी होती तेव्हा मी रोह्याच्या वाटेवर कासू स्टेशनापर्यंत जाऊन परत आले होते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. गाडीतच फोन आला, सुरतचा व्यापारी दारात उभा होता. मी उतरले आणि समोरून आलेल्या गाडीने परत.

पण ऋतू, ते वाक्य कापायला सांग. सुशील कापतो म्हणालेत ना, मग कापू दे. सासूबाईंनी ऐकलं तर चार दिवस भांडी आपटतील, तेवढंच. ह्यांनी ऐकलं तर काही बोलणार नाहीत, आणि ते मला जास्त लागेल. पण पूजाने ऐकायला नको. "आले त्या दिवसापासून" म्हणजे तिच्या जन्माच्याही आधीपासून. तिला वाटेल आईला मी पण नको होते. तसं नाही गं. देवाशपथ तसं नाही. पण अंधारात बसलेल्या पोरीला ते कोण समजावणार?

तेवढं कर. पाया पडते म्हटलं तरी चालेल, तू लहान असलीस तरी.

तुझी,
ताई


हमरापूर
१७ मे २०२५

ऋतू,

स्पीड पोस्टने टाकतेय. प्रीव्ह्यू पंचवीसला, त्याआधी हातात पडेल.

तू सुशीलना कापायचं अजून सांगितलंच नाहीस, "ताई, आठ दिवस विचार कर" असं लिहिलंस, तेव्हा तुझा इतका राग आला होता की पत्र चुलीत घालणार होते. आता वाटतं, बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस. लहानपणीही कधी ऐकलं नाहीस.

पूजाचा निकाल तुला कळलाच आहे. सगळ्यांना पेढे वाटून झाले. संध्याकाळी सासूबाईंनी तिला जवळ बसवलं, ब्रश दिला आणि फुटक्या मूर्तीवर डोळा काढायला लावला. पोरीने काढला. ऋतू, तो डोळा माझ्यापेक्षा चांगला होता. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला आणि मला म्हणाल्या, "बघ गो मृणाली. हात तुझ्यापेक्षा साफ हाय पोरीचा. हिला कशाला धाडतेस कालेजात? शिकून कंपनीत शिफ्टच करनार ना? त्यापेक्षा घरची लक्ष्मी घरात."

सासरे म्हणाले, "गुरुवार चांगला हाय."

म्हणजे ठरलं. मुंबईहून आल्यावरच्या गुरुवारी पूजा खऱ्या मूर्तीचा पहिला डोळा उघडणार. तुला त्याचा अर्थ कळतो ना? ज्या हाताने आमच्या घरात पहिला डोळा उघडला, तो हात मग घराचा. मी उघडला तेव्हा मला साडी दिली होती, हळदकुंकू लावलं होतं, गावाने कौतुक केलं होतं. मला वाटलं होतं, सत्कार चाललाय.

रात्री तिला विचारलं, "पूजा, तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "तू सांगशील ते." अगदी हेच मी आईला म्हटलं होतं, रांगोळीचे हात धुताना.  मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि मला काही बोलताच येईना. इतकी वर्षं नको ते आलं की ब्रश उचलायची सवय. काल दुपारी पुन्हा तिच्याजवळ बसले, तिने विचारलं, "आई, तुला आवडतं ना गं हे?" आणि मी काय केलं असेल? समोरच्या मूर्तीचा डोळा उघडला. ती बिचारी रीत पाळून गप्प बसली.

म्हणून सांगते, ते वाक्य कापू नका. एक शब्दही कापू नका. माझ्या तोंडून घरात जे निघत नाही, ते तिथून निघू दे. तुझ्या थिएटरात दार लावलं की कुणी उठत नाही. सासूबाईंना तिथं आपटायला भांडी नाहीत. हे उठून बाहेर जाणार नाहीत, त्यांना लोकांची लाज आहे. सगळ्यांना बसून ऐकावं लागेल.

मी येत नाहीये. मला वाटलंच होतं. मॉरिशसच्या मूर्ती अजून आंधळ्या आहेत. हे म्हणाले, "मी थांबतो, तू जा." मनापासून म्हणाले. पण ते थांबून काय करणार, डोळे थोडेच काढणार? सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला जायला पायजे? तिचा तोंड ती रोज आरशात बघते." सगळे हसले, मी पण हसले. तेव्हा माझ्या फिल्मला माझ्याशिवाय सगळं घर येतंय, केरूसुद्धा.

पूजाला तुझ्या शेजारी बसव, आजीच्या शेजारी नको. ते वाक्य आलं की तिचा हात धर. आणि नंतर तिला बाजूला घेऊन सांग की आईला इथं राहायचं नव्हतं हे खरं, आणि तू झालीस तेव्हापासून आईला निघायचं ते तुला घेऊन निघायचं होतं, हेही तेवढंच खरं. एकटीने निघायचा विचार त्या दिवशी गाडीत एकदा आला होता, पण तो मी कासूच्या पुढे कधी नेलाच नाही.

तिच्या पिशवीत वर पोह्यांचे पापड आणि वाल आहेत. सासूबाईंनी उचलून बघितली आणि विचारलं, एवढी जड का गो? म्हटलं, मावशीला वाल आवडतात. पापडांच्या खाली तिचे सगळे कपडे आहेत. तिला अजून माहीत नाही. तिला राहायचं असेल तर ठेवून घे, अकरावीचं तिथंच बघ. घरच्यांना काय सांगायचं ते माझ्यावर सोड, ऐकून घ्यायला मी इथं आहेच. आणि ऐकूनही तिला परत यायचं असेल, हा ब्रश खरंच आवडत असेल, तर येऊ दे. आवडत असेलही, हात तिचा छान आहे. पण तिला कुणीतरी एकदा नीट विचारू दे. मला कुणी विचारलं नव्हतं.

सासूबाई मघापासून हाका मारतायत. कारखान्यात एका गणपतीचा एकच डोळा उघडून ठेवून मी हे लिहायला उठले आहे. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. बघू दे त्याला थोडा वेळ अर्धवट.

तुझी,
मृणाली