हालला का?

वाशी, २२ नोव्हेंबर १९९९

प्रिय भैरू,

फोन केला तर तू ठेवून देतोस, कोपरखैरण्याला घरी आलो तर वहिनी चहा देतात आणि तू नेमका मसाला बाजारात असतोस. म्हणून दहा मिनिटांच्या अंतरावर पोस्टाने पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

माझ्या डाव्या डोळ्याचं झालं. उणे नऊचा नंबर गेला. समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड आता इथून दिसतात. हे पत्र लिहायला मात्र चाळिशी लागते. एक चष्मा गेला, दुसरा आला.

खरी भीती होती ती हलण्याची. गावाकडे पोपटमामांची कात्री कानाशी आली की मी मान काढून घ्यायचो, आणि तू दोन्ही हातांनी माझं डोकं धरून बसायचास. तू आला नव्हतास त्या दिवसाची खूण अजून कानामागे आहे. इथे तर बुबुळावरचा थर लेझरने खरवडायचा. चुकीच्या जागी लागला की लिहिणं-वाचणं संपलं. दोनदा तारीख घेऊन मी घरीच बसलो. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवं मशीन आलंय, ते डोळ्यावर नजर ठेवतं. डोळा सरकला की किरण त्याच्यामागे सरकतो. फारच पळाला तर थांबतो आणि तो जागेवर यायची वाट बघतो. मी म्हटलं, बाई, इतकं माझ्या संपादकानेही कधी केलं नाही.

हललो, अर्थात. पुष्कळ हललो. मशीनने सांभाळून घेतलं.

नंतर पट्टी लावताना जयमाला सिस्टर हसायला लागल्या. बाहेर तुमचे कोण होते हो? अंगभर हळद, बाकड्याला डाग पडेल म्हणून बसायला तयार नाहीत. आधी डॉक्टरीणबाईंना दारात अडवून म्हणाले, "त्यो लई हालतोय, ल्हानपणापास्नं. मशिनला सांगून ठेवा." मग जो कोणी बाहेर येईल त्याला, "हालला का?" नीट झालं म्हटल्यावर लगेच निघून गेले.

नाव विचारायची गरज नव्हती. तारीख तुला आपणच कळवली, हे श्रुतीने घरी आल्यावर कबूल केलं. माझी पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

चार वर्षांपूर्वी तुझ्या वास्तुशांतीला तू कागदावर लिहून आणून सगळ्यांचे आभार मानलेस. त्यात माझंही नाव होतं. मी त्याच कागदाची दिवाळी अंकात टिंगल केली. वाचक हसले, आणि तुझं बोलणं बंद झालं. भैरू, चुकलं माझं. आज मीही कागदावर आभार लिहायला बसलोय. हवं तर बाजारात मोठ्याने वाचून दाखव, हसू दे सगळ्यांना. फक्त येत्या गुरुवारी उजवा डोळा आहे, सकाळी दहाला. या वेळी मी बाहेर येईपर्यंत थांब. आणि बाकड्यावर बस. डाग पडला तर पडू दे.

तुझाच, अजूनही हलणारा,
शाम्या