अंगावर शिवलेली पट्टी

नाशिक, शनिवार, २४ जानेवारी १९९८

आज शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझी नात सई रोमचा राजा झाली! पांढऱ्या झग्यावर उभ्या जांभळ्या पट्ट्या मीच लावल्या, माझ्या जुन्या लुगड्याचा काठ कापून. काय रुबाब पोरीचा! पण पडदा उघडायच्या आधी एक पट्टी सुटली. घाईत अंगावरच शिवली. आई म्हणायची, अंगावर मेलेल्याचं शिवतात, जित्या माणसाच्या दातात आधी दोऱ्याचा तुकडा द्यावा. तोच विसरले. कशी विसरले मी? आणि नाटकात राजालाच मारलं की! सई पडली ती हलेचना. लोक टाळ्या वाजवतायत, मी आपली पट्टीकडे बघतेय, श्वासानं हलते का म्हणून. घरी आल्याआल्या उसवायला बसले, तर म्हणते, "आजी, राहू दे गं. उद्या परत मरायचंय मला."