अर्ध्याची रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

काल इथे लिहिलं ते चूक आहे. बाबांच्या छोट्या इंजिनाचा पिस्टन माझ्यामुळे बिघडला नाही.

काल लिहिलं होतं – "मायक्रोमीटर वाचताना अर्ध्याची रेघ चुकले, बाबा काही बोलले नाहीत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." पण काल शेवटचं माप मी घेतलंच नव्हतं! मी तेलाची बुधली आणायला आत गेले होते. परत आले तोवर बाबांनी लेथवर शेवटचा कट मारला होता. पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला, तर खालून सरळ फरशीवर – टण्! बाबा म्हणाले, "अर्धी रेघ चुकली वाटतं." कोण चुकलं ते म्हणाले नाहीत. मी अंगावर घेतलं. चूक झाली की ती माझीच असणार, हे मी आधीच धरून चालते.

आज परत मोजला. सोळा मिलिमीटर हवा होता, भरला साडेपंधरा. नेमका अर्धा कमी. मायक्रोमीटरच्या दांड्यावर वर पूर्ण मिलिमीटरच्या रेघा, खाली अर्ध्याच्या. शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात हमखास तिथे गंडतात. चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस नाही गंडत.

त्याला रेघ दिसलीच नसेल तर?

घरात लिहायला शिकलेली मी पहिलीच. बाबांना आकडे येतात, अक्षरं नाहीत. आईला दोन्ही नाहीत. ही वही उघडी टाकली तरी कुणी वाचणार नाही. म्हणून तर हिच्यात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नीट नाही. इंजिन सुरू केल्यापासूनचं सगळं आठवत बसले.

हे इंजिन बाबांच्या मनात शिकाऊ असल्यापासून आहे. त्यांच्या उस्तादांच्या टेबलावर होतं म्हणे – मुठीएवढं, हवेचा पाइप लावला की टुकटुक चालणारं. उस्ताद म्हणायचे, "हे स्वतः करशील तेव्हा स्वतःला टर्नर म्हणव." इतकी वर्षं वेळ मिळाला नाही. आणि आता एकदम घाई! मागच्या खोलीतला छोटा लेथ पुसला, तेल घातलं, दर रविवारी मला हाक – "ए शाळा, ये इकडे!" प्रत्येक मापाला मायक्रोमीटर माझ्या हातात. "वाच." मला वाटायचं, मला शिकवतायत. मी किती खूश होते.

आईला सहज विचारलं, बाबांना नीट दिसतं ना? ती म्हणाली, "परवा शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. म्हटलं, नवरदेव, खालचं बटण कुठं निघालं?" आणि हसली. मग हसायची थांबली.

५ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात बाबांच्या शेजारी मिलिंगवाले काका असतात. मी तपासणीच्या टेबलावर. सगळ्यांचा माल माझ्याकडे येतो, मी मोजते, कार्डावर सही करते, मग डबे भरतात. काका मला शाळाबाई म्हणतात.

आज म्हणाले, "शाळाबाई, बापाला एक नवा मायक्रोमीटर घेऊन द्या की! दोन महिने झाले, येतात आणि म्हणतात, माझा बिघडलाय, जरा तुझ्यावर मोजून दे. बिघडलाय तर बिघडलाय, पण त्यांचा माझ्यापेक्षा चांगला आहे हो!"

मी हसले. हसता येतं मला, हे आजच कळलं.

काका उद्यापासून आठवडाभर रजेवर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांच्या मनगटावर लांब ओरखडा, लेथवर नग धरून फिरणाऱ्या चकचा. विचारलं तर म्हणाले, "चकनं विचारलं, कसं काय चाललंय?"

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी एक वाईट गोष्ट केली. जशी झाली तशी लिहिते.

दुसरा पिस्टन लेथवर होता. बाबांनी मशीन थांबवलं. "वाच." सोळा पूर्णांक बारा शतांश होतं. म्हणजे बारा शतांश अजून काढायचे. मी म्हणाले, "सोळा, दोन."

त्यांना दिसत असेल तर ओरडतील, असं वाटलं. ओरडावं असंच वाटत होतं! "डोळे फुटलेत का" म्हणावं. ते नुसतं "बरं" म्हणाले. मायक्रोमीटर हातातून घेतला आणि न बघता पेटीत ठेवला. तेवढ्यात आईची हाक आली. मी पळालेच तिथून.

म्हणजे नाहीच दिसत. आणि हे जाणून घेण्यासाठी मी त्यांना फसवलं. ज्या माणसानं मला रेघा वाचायला शिकवलं त्याला! शिवाय आता हाही पिस्टन वाया. बाबा दोनच शतांश घासून काढतील आणि तो सिलिंडरमध्ये शिरणार नाही. या वेळी खरंच माझ्यामुळे.

१० फेब्रुवारी, सोमवार

बोलले शेवटी. कारखान्याच्या गेटपासून घरापर्यंत आम्ही रोज चालत येतो, तेव्हा.

मी म्हणाले, "बाबा, डोळे दाखवू या का? मोतीबिंदू असेल तर काढतात."

"डोळे काढतात की नोकरी?"

"बाबा!"

"सर्टिफिकेट मागतील. मशीनवरून उतरवतील. मग काय, गेटवर बसवतील वही देऊन. येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिही म्हणतील." थोडं चालले. "लिही! मला!"

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "इंजिन चालेपर्यंत गप्प बस. एवढं ऐक माझं."

ऐकलं. ऐकायला नको होतं का? त्यांच्या मशीनचा चक माझ्या डोक्यापेक्षा मोठा आहे. दिवसभर मान वळवून बघत असते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांच्या पिनांचे डबे आले. सामान उचलायच्या साखळीच्या पिना, चाळीस नग, वीस मिलिमीटर. फोरमन नेहमीसारखे ओरडले, "त्यांचा माल काय मोजताय! वजनकाट्याचं वजन करताय का?" मोजल्या. सही केली.

पहिल्यांदा माझ्या सहीचं कार्ड घरी दाखवलं होतं तो दिवस आठवला. बाबांनी त्या सहीवरून बोट फिरवलं होतं. "शाई वर येते गं थोडी," म्हणाले होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. डोकं दुखतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

चाललं!!

सकाळी मी घाबरतच मागच्या खोलीत गेले. बाबा सिलिंडर हातात धरून बसले होते. म्हणाले, "पिस्टन सोड." मी वरून सोडला. तो पडला नाही. अडकलाही नाही. हळूहळू खाली गेला – खालच्या भोकाला बाबांचा अंगठा होता, तिथे आतली हवा दाबली गेली आणि पिस्टन तरंगत राहिला. अंगठा काढला तसा सुस्कारा सोडल्यासारखा उतरला.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "पण मी तर..."

"तू दहा शतांश खाल्लेस त्या दिवशी," बाबा म्हणाले. "बिनआकड्यांचा कॅलिपर सिलिंडरला लावला, मग पिस्टनला. बोटाला कळलं. म्हटलं, पोरगी माप घेतेय, पण पिस्टनचं नाही."

मला रडू आलं. ते म्हणाले, "रडतेस काय? बरोबर केलंस. तपासणारीनं तपासायचंच. बापाला का सोडायचं?"

मग चाक बसवलं, तेलाचे दोन थेंब, हवेचा पाइप. मी चाकाला बोटानं ढकललं आणि त्यानं वेग धरला! टुक टुक टुक – मग इतकं भरभर की चाकाचे आरे दिसेनात. आई हात पुसत आली नि म्हणाली, "एवढ्यासाठी सहा महिने? याच्यावर पीठ तरी दळता येतं का?" बाबा इतके हसले! डोळे मिटून ऐकत होते. मी म्हणाले, "बघा ना बाबा!" तर म्हणाले, "आवाज गोल आहे. बघायचं काय त्यात."

त्यांनी इंजिन चालेपर्यंत म्हटलं होतं. संध्याकाळी आठवण केली. म्हणाले, "पाऊस सुरू होऊ दे, मग दाखवू डॉक्टरांना." आणि मीही मान हलवली. अशी बोटं असताना डोळ्यांची एवढी काय घाई, असं मलाही वाटलं. आज मला सगळं चांगलंच वाटतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बारा तारखेला इथे "मोजल्या" लिहिलं. ते चूक नाही, खोटं आहे.

वरच्या दोन मोजल्या. बरोबर निघाल्या. तिसरी हातात घेतली आणि भीती वाटली, ती खाली ठेवली. सही केली.

आज सुटी झाल्यावर, फोरमन गेल्यावर, डबे उघडले. चाळीसच्या चाळीस मोजल्या. पाच पिना साडेएकोणीस. अर्ध्याची रेघ. काका रजेवर असतानाच्या. घरी बोटाला जुळवून बघायला सिलिंडर होता, इथे नुसता आकडा. या पिनांवर लोखंड टांगतात आणि खालून माणसं जातात. डबे गुरुवारी जाणार आहेत.

त्या पाच पिना आणि बरोबर मापाची एक, रुमालात बांधून आणल्यात. आता बाबांच्या हातात देते. कॅलिपर लावला की त्यांना कळेल, मला बोलावं लागणार नाही.

उद्या, बुधवार, १९ फेब्रुवारी, सकाळी आठ. मशीनं सुरू व्हायच्या आत फोरमनच्या टेबलापुढे. आधी माझी सही खोडणार.